अकरा गाळे आणि अकरा मजले

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एका सोमवारी सकाळी माझ्या दुकानाच्या फरशीला भोक पाडण्यासाठी दोन माणसे आली. प्लाझाच्या मालकाच्या कार्यालयाने आदल्या आठवड्यात पत्र पाठवून ‘पर्यावरणविषयक तपासणी’ होणार असल्याचे कळवले होते, त्यामुळे शिवणयंत्रे भिंतीकडे सरकवून आणि दांड्यांवरच्या कपड्यांवर चादरी टाकून मी तयार होते. त्यांनी काँक्रीटमधून मनगटाएवढे भोक पाडले, खालच्या मातीचे नमुने नळ्यांत भरून घेतले, भोकात एक बारीक पाइप उतरवला आणि त्याच्या तोंडावर गोल लोखंडी झाकण बसवले. भूजलाचे नमुने घेण्यासाठी पुन्हा यावे लागेल, असे त्यांच्यापैकी एकाने जाताना सांगितले.

माझ्या गाळ्यात पूर्वी ड्रायक्लीनिंगचे दुकान होते, हे मला ठाऊक होते. ड्रायक्लीनिंगला वापरले जाणारे परक्लोरोइथिलीन, ज्याला त्या धंद्यातले लोक नुसते ‘पर्क’ म्हणतात, पाण्यापेक्षा जड असते. जमिनीत सांडले तर ते खोल उतरत जाते आणि वर्षानुवर्षे तिथे राहून त्याची वाफ फरशीच्या भेगांतून वर येऊ शकते. तरीही दुकानाच्या जागी दुकानच राहणार असेल तर मालकाने एवढा खर्च का करावा, हे मला कळेना. मी त्या माणसाला सरळ विचारले. त्याने दिलेले उत्तर साधे होते: कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात व्यापारी वापराच्या जमिनीवर राहती घरे बांधायची असतील, तर त्या जमिनीची तपासणी करून तिच्या स्थितीची नोंद सरकारी नोंदवहीत दाखल करावी लागते, त्याशिवाय बांधकामाचा परवाना मिळत नाही. आमच्या प्लाझाच्या जागी घरे येणार आहेत, ही बातमी मला मालकाकडून मिळाली नाही. ती अशी, भोक पाडायला आलेल्या माणसाकडून मिळाली.

आमचा प्लाझा टोरांटोच्या स्कारबरो भागात, एका रुंद हमरस्त्यावर आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत हे उपनगर मोटारगाडी गृहीत धरून वाढले आणि त्या काळात असे प्लाझा रस्तोरस्ती उभे राहिले: रस्त्यापासून आत सरकवलेली बुटक्या दुकानांची एक लांब रांग, पुढे डांबरी वाहनतळ आणि मागे बैठ्या घरांची परसदारे. आमच्या रांगेत अकरा गाळे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर, मागच्या जिन्याने जाता येईल अशा आठ भाड्याच्या खोल्या आहेत. छप्पर दर दोन हिवाळ्यांनी कुठेतरी गळते, गटाराचे पाइप जुने आहेत, वाहनतळाच्या डांबराला भेगा पडल्या आहेत. इमारत थकली आहे, याबद्दल आमच्यापैकी कोणाचेही दुमत नव्हते.

परंतु इमारत थकलेली असल्यामुळेच इथे भाडे परवडते, आणि भाडे परवडते म्हणून पहिले दुकान उघडणारी माणसे इथे येतात. माझे कपडे दुरुस्तीचे आणि शिवणकामाचे दुकान साधारण ७०० चौरस फुटांचे आहे. मी ते २०१३ मध्ये घेतले तेव्हा कोणत्याही नव्या इमारतीच्या तळमजल्यावरचे भाडे मला झेपले नसते. माझ्या एका बाजूला केशकर्तनालय आहे, दुसऱ्या बाजूला परदेशी पैसे पाठवण्याचे केंद्र, त्यापलीकडे किराणा, दंतवैद्य, छपाईचे दुकान. पैसे पाठवायला आलेला माणूस थांबायच्या वेळात पँटची लांबी कमी करायला देतो आणि केस कापून परत येईपर्यंत ती तयार असते. या दुकानांचे एकमेकांवर किती अवलंबून असते, हे पुढच्या अडीच वर्षांत मला अनेकदा, अनेक लोकांना समजावून सांगावे लागले.

त्या रात्री मी माझा भाडेकरार काढून प्रथमच शेवटच्या पानापर्यंत वाचला. त्यात एक कलम होते की, मालकाने इमारत पाडण्याचा किंवा तिचा पुनर्विकास करण्याचा निर्णय घेतल्यास तो सहा महिन्यांची सूचना देऊन करार संपवू शकेल आणि त्याबद्दल कोणतीही भरपाई देणे लागणार नाही. मी त्यावर सही केली होती. व्यापारी भाड्यांसाठी ऑन्टारियोमध्ये जो कायदा आहे तो भाडेवाढीवर मर्यादा घालत नाही आणि करारात नसलेले संरक्षण भाडेकरूला जवळजवळ देत नाही. भाडे थकले तर सोळाव्या दिवशी मालक कुलूप बदलू शकतो. मुंबईत वाढलेल्या माझ्यासारखीला हे पचायला जड गेले, कारण आमच्याकडे पागडीच्या इमारतीचा पुनर्विकास होतो तेव्हा तळमजल्याच्या दुकानदारालाही नव्या इमारतीत जागा द्यावी लागते आणि तो हक्क आहे हे चाळीतले लहान मूलही जाणते. इथे तसा हक्क नाही, हे मान्य करायला मला काही महिने लागले.

२०२२ च्या उन्हाळ्यात वाहनतळाच्या कडेला प्रस्तावाचा मोठा फलक लागला. अकरा मजले, तळमजल्यावर दुकाने, वर सदनिका. कायद्यानुसार १२० मीटरच्या आतल्या मालमत्ताधारकांना सूचना द्यावी लागते. आता माझ्या गाळ्याचा मालमत्ताधारक म्हणजे प्लाझाचा मालकच, त्यामुळे मागच्या गल्लीतल्या घरमालकांना पत्रे आली आणि ज्यांची दुकाने पाडली जाणार होती त्यांनी ती शेजाऱ्यांच्या हातात पाहिली. फलकावर नियोजन अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक होता. मी फोन केला, आणि हे नोंदवले पाहिजे की त्या अधिकारी बाईंनी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत माझ्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. अर्जाबरोबर सादर झालेली सगळी कागदपत्रे शहराच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, हे मला त्यांच्याकडूनच कळले.

ती कागदपत्रे वाचणे हे माझे त्या शरद ऋतूतले रात्रीचे काम झाले. नियोजनाचे समर्थन करणारा अहवाल, सावलीचा अभ्यास, वाहतुकीचा अभ्यास, सांडपाण्याचा अहवाल, झाडांचा अहवाल, वास्तुविशारदाचे नकाशे; सगळे मिळून काही शे पाने. त्यातून मला हळूहळू उमगले की हा प्रस्ताव आमच्या मालकाच्या मनात एकाएकी आलेला नाही. टोरांटोच्या विकास आराखड्यात काही हमरस्त्यांना ‘अ‍ॅव्हेन्यू’ असा दर्जा दिलेला आहे. बैठ्या घरांच्या गल्ल्यांना फारसा धक्का न लावता वाढती लोकसंख्या या रस्त्यांच्या कडेने मध्यम उंचीच्या इमारतींत सामावून घ्यावी, असे ते धोरण आहे. २०१० मध्ये शहराने या इमारतींसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांचा गाभा असा होता की, इमारतीची उंची समोरच्या रस्त्याच्या रुंदीपेक्षा जास्त नसावी. २० मीटरच्या रस्त्यावर ती पाच-सहा मजल्यांत संपे. आमचा रस्ता ३६ मीटरचा, म्हणून अकरा मजले. जुने प्लाझा या कामाला विशेष सोयीचे ठरतात, कारण पुढच्या वाहनतळामुळे त्यांचे भूखंड खोल असतात, मालक बहुधा एकच असतो आणि पाडण्यासारखे बांधकाम थोडे असते. कुठेतरी एखाद्या नकाशावर आमची रांग वर्षानुवर्षे आधीच पुसलेली होती, असे ते वाचताना मला जाणवले. त्या आराखड्यात दोष काढावा असे मात्र वाटले नाही. या शहरात घरांची टंचाई खरी आहे, माझ्याकडे काम करणारी मुलगी दीड तास बसने येते, आणि बसच्या थांब्यासमोर दीड-दोनशे घरे होणार असतील तर त्याला विरोध करणे मला योग्य वाटले नाही. ही भूमिका मी शेवटपर्यंत सोडली नाही, आणि त्यामुळे काही शेजारी माझ्यावर नाराजही झाले.

मग मी तळमजल्याचा नकाशा उघडला. आमच्या अकरा गाळ्यांच्या जागी तिथे तीन होते. एक सुमारे ५,००० चौरस फुटांचा, कोपऱ्यावर, जो पाहताक्षणी बँकेसाठी किंवा औषधांच्या साखळी दुकानासाठी आखलेला आहे हे समजत होते. आणि दोन मध्यम आकाराचे. उरलेल्या दर्शनी भागात सदनिकांचे प्रवेशदालन, टपालपेट्या, सायकलींची खोली आणि भूमिगत वाहनतळाकडे जाणाऱ्या उताराची मागची भिंत. मला परत येण्याची संधी मिळाली, भाडेही कसेबसे जमले, तरी माझ्या आकाराचे दुकान त्या इमारतीत अस्तित्वातच नसणार होते. भरपाईचा प्रश्न करारातला होता आणि तो मी हरले होते. हा प्रश्न नकाशातला होता, आणि नकाशा अजून मंजूर व्हायचा होता.

नागरिकांची सभा २०२३ च्या जानेवारीत संगणकाच्या पडद्यावर झाली. दोन तासांच्या सभेत पहिला सव्वा तास सावलीवर आणि वाहनांवर गेला. मागच्या गल्लीतल्या लोकांची काळजी मी समजू शकत होते. चाळीस वर्षे ज्यांच्या परसदारी मोकळे आकाश होते त्यांच्या कुंपणापलीकडे अकरा मजले उभे राहणार होते. तथापि, त्यांच्यासाठी नियम होते आणि ते नियम मोजता येत होते. मागच्या हद्दीपासून साडेसात मीटर जागा सोडायची. मागच्या बाजूने ४५ अंशांची एक कल्पित तिरकी रेषा काढायची आणि इमारतीने ती ओलांडायची नाही, म्हणून वरचे मजले पायऱ्यांसारखे मागे सरकत जात. समोरच्या पदपथावर २१ मार्च ते २१ सप्टेंबर या काळात किमान पाच तास ऊन पडले पाहिजे. वास्तुविशारदाने पडद्यावर सावल्या तासातासाने सरकवून दाखवल्या आणि नवव्या मजल्याचा एक कोपरा त्या तिरक्या रेषेबाहेर येतो, हे एका सेवानिवृत्त गृहस्थांनी तिथल्या तिथे दाखवून दिले. पुढच्या नकाशात तो कोपरा कापला गेला. वाहनतळाचे मात्र तसे झाले नाही, कारण नव्या बांधकामांवरची किमान वाहनतळाची सक्ती शहराने २०२१ च्या डिसेंबरमध्ये बहुतेक वापरांसाठी काढून टाकली होती आणि त्यावर सभेत कितीही बोलले तरी उपयोग नव्हता.

वरच्या आठ खोल्यांतल्या भाडेकरूंनी बोलायला सुरुवात केली तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार भीती वाटत होती. पण त्यांच्यामागेही कायदा होता. सहा किंवा अधिक भाड्याच्या घरांची इमारत पाडायची असेल तर टोरांटोमध्ये महापालिकेची वेगळी परवानगी लागते, आणि ती देताना तेवढीच भाड्याची घरे नव्या इमारतीत बांधून द्यावीत, जुन्या भाडेकरूंना जवळपास त्याच भाड्यात परत येता यावे, बांधकामाच्या काळात त्यांना मदत मिळावी, अशा अटी घातल्या जातात. खोल्या आठ होत्या म्हणून ते वाचले. पाच असत्या तर हे संरक्षण लागू झाले नसते. एक वृद्ध गृहस्थ, जे माझ्याकडे दर हिवाळ्यात कोटाची चेन बदलायला येतात, त्यांना परत येण्याचा हक्क आहे हे अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकून मला मनापासून समाधान वाटले. त्याच जिन्याच्या खाली दुकान असलेल्या मला तो हक्क नव्हता.

माझी पाळी आली तेव्हा मी एकच प्रश्न विचारला: तळमजल्यावर तीनच गाळे का? विकासकाच्या सल्लागाराने उत्तर दिले की दुकानांचे एकूण क्षेत्रफळ फारसे कमी झालेले नाही, आणि मोठे गाळे भाड्याने देणे सोपे जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सावलीसाठी रेषा होती, खोल्यांसाठी आकडा होता, दुकानांसाठी मात्र केवळ एकूण क्षेत्रफळ मोजले जात होते, आणि त्या मापात अकरा संसार व एक बँक यांत फरक दिसत नव्हता.

सभेनंतर आम्ही गाळेधारक केशकर्तनालयात, दुकाने बंद झाल्यावर, पहिल्यांदा एकत्र बसलो. इतकी वर्षे शेजारी राहून हे कधी घडले नव्हते. दोघांनी सुरुवातीलाच सांगितले की मालकाला नाराज करायचे नाही, कारण त्यांचा करार संपत आलेला होता. त्यांची अडचण आम्ही मान्य केली आणि त्यांची नावे कुठेही घातली नाहीत. एकाला प्रकल्पच थांबवायचा होता. त्याचे म्हणणे खोडून काढायला मला वेळ लागला: शहराने ठराविक मुदतीत निर्णय दिला नाही किंवा नकार दिला तर विकासक ऑन्टारियो लँड ट्रायब्युनलकडे, म्हणजे जमीनविषयक वाद ऐकणाऱ्या प्रांताच्या न्यायाधिकरणाकडे, दाद मागू शकतो, आणि शहराच्या स्वतःच्या धोरणात बसणारी इमारत तिथे नाकारली जाण्याची शक्यता फार थोडी. आपण विरोध करत राहिलो तर इमारत होईलच, फक्त आपले म्हणणे तिच्यात कुठेच नसेल. आम्ही ठरवले की इमारतीला पाठिंबा द्यायचा आणि तीन गोष्टी मागायच्या: तळमजल्यावर लहान गाळे, सध्याच्या गाळेधारकांना नव्या गाळ्यांसाठी आधी विचारणा, आणि जागा सोडण्यासाठी सहाऐवजी बारा महिन्यांची सूचना.

यातली पहिली मागणीच शहराच्या अधिकारात येते, बाकीच्या दोन खासगी करारातल्या आहेत, असे नियोजन अधिकारी बाईंनी स्पष्ट केले. पहिल्या मागणीसाठी मी विकास आराखड्यातले एक कलम शोधून ठेवले होते: लहान व्यवसायांना संधी मिळावी म्हणून तळमजल्यावरच्या दुकानांचा कमाल आकार झोनिंगच्या नियमात, म्हणजे कोणत्या जागेवर काय आणि केवढे बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमात, ठरवता येतो, असे त्यात म्हटले आहे. मी ते आनंदाने त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले. ते कलम पदपथाला लागून दुकाने असलेल्या, पायी खरेदीच्या जुन्या रस्त्यांसाठी लिहिलेले आहे. आमची दुकाने वाहनतळामागे आहेत, म्हणून ती तशा रस्त्याच्या व्याख्येत चपखल बसत नाहीत. म्हणजे ज्या प्रकारच्या जागेत आज या शहरातले लहान धंदे सर्वांत स्वस्तात सुरू होतात, तीच जागा त्या वाक्यातून निसटत होती. या प्रक्रियेतले दुसरे काहीही मला इतके लागले नाही. वाक्य लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर डाउनटाउनमधले रस्ते होते, इतकेच.

तरीही अधिकारी बाई म्हणाल्या, व्याख्येत बसत नसले तरी कारण पटण्यासारखे आहे. मला काहीतरी मोजलेले द्या. ही सूचना आम्ही अक्षरशः घेतली. दोन रविवार टेप घेऊन मी आणि छपाईवाल्यांनी अकराही गाळ्यांची रुंदी, खोली आणि दर्शनी काच मोजली. बहुतेक गाळे पाच ते सहा मीटर रुंद निघाले. कोणते दुकान किती वर्षे आहे, किती माणसे काम करतात, नळजोडणी आणि धूर बाहेर काढण्याची सोय कोणाला लागते, मालाची गाडी कुठे उभी राहते, हे एका तक्त्यात लिहिले. मोजताना मला पहिल्यांदा दिसले की वाहनतळही नुसता गाड्यांसाठी नाही. संध्याकाळी किराणा दुकानासमोर बाकावर म्हातारी माणसे बसतात, उन्हाळ्यात मुले सायकल शिकतात. स्कारबरोमध्येच, लॉरेन्स अ‍ॅव्हेन्यूवरच्या वेक्सफर्ड हाइट्स प्लाझात २०१९ च्या उन्हाळ्यात वाहनतळाच्या काही जागांवर झाडे आणि बाके मांडून तात्पुरती बाग केली होती, आणि लोक तिथे खरोखर येऊन बसत होते. त्या प्रयोगाचे उदाहरण आम्ही आमच्या टिपणात दिले आणि इमारतीच्या पुढे रुंद पदपथावर बसण्याची जागा असावी, असे जोडले.

त्या टिपणाचा परिणाम झाला. २०२३ च्या शरद ऋतूत आलेल्या सुधारित नकाशात दर्शनी बाजूला तीनऐवजी सात गाळे होते, त्यांतले चार सहा मीटरांच्या आसपास रुंदीचे. सायकलींची खोली मागे गेली होती आणि सदनिकांचे प्रवेशदालन अरुंद झाले होते. तळमजल्याची उंची साडेचार मीटर, जी मार्गदर्शक तत्त्वांत आहेच, आणि मधल्या भिंती नंतर काढता येतील अशा. त्या शेवटच्या गोष्टीत धोका आहे हे मला दिसत होते, कारण काढता येणारी भिंत मोठ्या भाडेकरूसाठी काढली जातेच. म्हणून आम्ही अधिकाऱ्यांकडे आग्रह धरला की ठराविक संख्येच्या गाळ्यांचे कमाल क्षेत्रफळ झोनिंगच्या नियमातच लिहावे, नकाशापुरते ठेवू नये. नकाशा बदलण्यासाठी विकासकाला एक पत्र पुरते. नियम बदलण्यासाठी पुन्हा सुनावणी लागते.

२०२४ च्या वसंतात स्कारबरो कम्युनिटी कौन्सिलपुढे, म्हणजे या भागातल्या नगरसेवकांच्या समितीपुढे, हा विषय आला. बोलायला प्रत्येकाला पाच मिनिटे होती. मी माझे म्हणणे आधी मराठीत लिहिले, कारण मला काय म्हणायचे आहे ते मला तसेच नीट कळते, आणि मग इंग्रजीत उतरवले. मी सांगितले की मी या इमारतीच्या बाजूने आहे. की वरच्या आठ घरांना जे संरक्षण मिळाले ते योग्य आहे. आणि त्याच इमारतीतल्या अकरा व्यवसायांसाठी या सगळ्या कागदांत एकही मोजता येणारी अट नव्हती, ती आता एक आहे आणि ती कृपया तशीच ठेवावी. माझ्यानंतर मागच्या गल्लीतले तेच सेवानिवृत्त गृहस्थ उठले. ते इमारतीच्या उंचीविरुद्ध बोलणार होते आणि बोललेही, पण बोलणे संपवताना त्यांनी लहान गाळ्यांच्या अटीला पाठिंबा दिला, कारण त्यांना पायी जाता येईल असे दंतवैद्य आणि न्हावी दुसरीकडे नाहीत. नगरसेवकांनी दोन प्रश्न विचारले आणि विषय पुढे महापालिकेकडे गेला. चार लहान गाळ्यांची अट नियमात आली. ते ऐकून मी घरी येईपर्यंत बसमध्ये रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

त्यानंतर मागच्या गल्लीतल्या काहींनी ट्रायब्युनलकडे अपील करण्याचा विचार केला होता, परंतु जूनमध्ये प्रांताने कायदा बदलला आणि झोनिंगच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा शेजाऱ्यांचा अधिकार काढून घेतला. विकासकाचा अधिकार तसाच राहिला. ज्या गृहस्थांनी नवव्या मजल्याचा कोपरा पकडला होता, त्यांच्यासारख्या माणसांचे लक्ष या प्रक्रियेला किती उपयोगी पडते ते मी पाहिले होते, म्हणून हा बदल मला चुकीचा वाटला आणि आजही वाटतो.

आम्हाला वाटले होते की मंजुरी मिळाली की वर्षभरात सूचना येईल. ती आली नाही. फरशीला भोक पाडले गेले तेव्हा बँक ऑफ कॅनडाचा व्याजदर ०.२५ टक्के होता. सुधारित नकाशा आला तेव्हा तो ५ टक्के होता. बांधकामासाठी कर्ज देणारे बहुधा ७० टक्क्यांच्या आसपास सदनिका आधी विकल्या जाण्याची अपेक्षा करतात, आणि टोरांटोत नव्या सदनिकांची विक्री २०२४ मध्ये फारच मंदावली. प्रकल्प कागदावर मंजूर आहे आणि जमिनीवर काहीच नाही. लोकांना वाटते की प्लाझा पाडला जातो तेव्हा दुकानदार संपतो. मी पाहिले ते वेगळे आहे. पाडण्याच्या परवानगीनंतर आणि पाडण्याआधी जो काळ जातो, त्यात तो थोडाथोडा संपत जातो. मालक एका वर्षाहून लांब करार देत नाही, त्यामुळे बँक कर्ज देत नाही. छपाईवाल्यांना नवे यंत्र घ्यायचे होते, ते त्यांनी घेतले नाही आणि गेल्या हिवाळ्यात ते मार्कहमला निघून गेले. दंतवैद्य गेल्या. गळणाऱ्या छपरावर मालक आता फक्त ठिगळ लावतो. मालमत्ता कर, देखभाल आणि विमा यांचा वाटा, ज्याला इथले दुकानदार टीएमआय म्हणतात, तो करारानुसार आम्हीच भरतो; रिकाम्या गाळ्यांमुळे तो कमी झालेला नाही. अकरा गाळ्यांपैकी सात चालू आहेत. किराणा दुकानासमोरचा बाक अजून आहे.

मालकाशी मात्र या काळात बोलणे वाढले. सभांमध्ये आम्ही इमारतीच्या बाजूने बोललो हे त्यांच्या लक्षात राहिले असावे. बारा महिन्यांच्या सूचनेला त्यांनी नकार दिला, नऊ महिने कबूल केले आणि ते लिहून दिले. भूजलाचे नमुने घ्यायला माणूस वर्षातून दोनदा येतो, मी टेबल सरकवते, तो झाकण उघडतो. गेल्या वेळी त्याने सांगितले की प्रदूषण माझ्या गाळ्याखालीच आहे, शेजारी पसरलेले नाही, आणि खोदकामाच्या वेळी तेवढी माती उचलून न्यावी लागेल.

माझा करार पुढच्या महिन्यात संपतो. नव्या वर्षासाठीचा मसुदा आला आहे आणि नऊ महिन्यांचे कलम त्यात आहे. त्याखाली मी एक परिच्छेद जोडून परत पाठवला: नव्या इमारतीतल्या चार लहान गाळ्यांपैकी एक भाड्याने द्यायची वेळ येईल तेव्हा सध्याच्या गाळेधारकांना, जे जिथे असतील तिथे, आधी लेखी विचारावे आणि उत्तरासाठी साठ दिवस द्यावेत. त्याला सात दुकानांच्या सह्या आहेत, आणि निघून गेलेल्या छपाईवाल्यांचे व दंतवैद्यांचे नवे पत्ते सोबत जोडले आहेत. मालकाच्या वकिलांनी परिच्छेद वाचून साठचे तीस दिवस करण्याची सूचना केली आहे. आम्ही पंचेचाळीस मागितले आहेत.